होलोकॉस्ट संग्रहालयं समाजमाध्यमांवर शिकवतात तरी कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. यालाच होलोकॉस्ट म्हणतात. हा इतिहास जपणारी संग्रहालयं आता फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, यूट्यूब आणि टिकटॉकवरही शिकवतात. इतिहासाचे शिक्षक, संग्रहालयात काम करणारे आणि एखादं ऐतिहासिक पान चालवणारे मराठी वाचक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

इतक्या गंभीर विषयाला फेसबुक-इन्स्टाग्रामवर जागा असावी का?

पोलंडमध्ये, पूर्वीच्या नाझी जर्मन छावणीच्या जागी असलेल्या ऑश्वित्झ-बिर्केनाऊ संग्रहालयाने २००९ साली फेसबुकवर पान उघडलं, तेव्हा हीच शंका घेतली गेली. छळछावणीच्या फोटोखाली ‘लाइक’चं बटण असावं, हे अनेकांना सहन होत नव्हतं. तरी संग्रहालयाने पान चालू ठेवलं, कारण संग्रहालय तिथे नसलं म्हणून विषय तिथून जाणार नव्हता. खोटे आकडे, चुकीच्या ओळी लिहिलेले फोटो आणि ‘होलोकॉस्ट झालंच नाही’ असा थेट नकार हे सगळं त्याच माध्यमांवर आधीपासून फिरत होतं. पोलंडपर्यंत जाणं ज्यांना कधीच जमणार नाही अशा कोट्यवधी लोकांची या इतिहासाशी पहिली गाठ मोबाइलवरच पडते. ती गाठ कागदपत्रं सांभाळणाऱ्या माणसांशी पडावी, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

जानेवारी २०२० मध्ये, छावणीच्या मुक्ततेला ७५ वर्षं झाली तेव्हा, या संग्रहालयाच्या ट्विटर (आताचं एक्स) खात्याच्या अनुयायांची संख्या १० लाखांवर गेली होती. नाच, विनोद किंवा वाद यांतलं काहीही न करता तिथवर पोहोचलेलं हे खातं आहे.

ऑश्वित्झच्या खात्यावर रोज कुणाचा तरी जन्मदिवस का असतो?

नोंदीचा साचा ठरलेला आहे. आधी तारीख, मग राष्ट्रीयत्व, जन्मगाव, छावणीत कधी आणलं आणि पुढे काय झालं. तीन-चार ओळी आणि एक फोटो. विशेषणं जवळजवळ नसतातच.

जन्मतारखेची निवड कागदपत्रांमुळे झाली आहे. ऑश्वित्झला सुमारे १३ लाख माणसं आणली गेली आणि त्यांतली सुमारे ११ लाख मारली गेली. मारल्या गेलेल्यांत सुमारे १० लाख ज्यू होते. त्यांतल्या बहुतेकांना आगगाडीतून उतरवल्यावर निवड करून थेट गॅस चेंबरकडे नेलं गेलं. छावणीच्या दप्तरात त्यांचं नाव चढलं नाही आणि त्यांना क्रमांकही दिला गेला नाही. त्यामुळे अनेकांचा मृत्युदिन कुठल्याच कागदावर सापडत नाही. जन्मतारीख मात्र ज्या देशातून गाडी निघाली तिथल्या याद्यांत राहिली. शिवाय जन्मदिवस म्हटला की ते माणूस आधी कुणाच्या तरी घरातलं लेकरू म्हणून समोर येतं.

यातली एक अडचण शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावी. फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम इथून निघालेल्या गाड्यांच्या याद्या बऱ्याच अंशी टिकल्या. हंगेरीतून आलेल्या सुमारे ४ लाख ३० हजार ज्यूंच्या आणि पोलंडमधल्या सुमारे ३ लाखांच्या बाबतीत तसं नाही. फ्रान्समधून ६९ हजार आणि नेदरलँड्समधून ६० हजार आणले गेले होते. म्हणून रोजच्या नोंदींत डच आणि फ्रेंच चेहरे जास्त दिसले, तरी मारल्या गेलेल्यांचं प्रमाण तसं नव्हतं. त्या नोंदी फक्त कोणते कागद टिकले एवढंच दाखवतात.

अशी एक नोंद तयार करायला काय काय करावं लागतं?

सुरुवात नावापासून होते. जेरुसलेममधल्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकाच्या नावांच्या कोशात, नाझींच्या बळींची कागदपत्रं जपणाऱ्या आरोल्सेन अर्काइव्ह्जच्या संग्रहात, डच ज्यूंसाठी असलेल्या डिजिटल स्मारकावर आणि ऑश्वित्झच्या स्वतःच्या कैद्यांच्या यादीत ते नाव शोधायचं. निदान दोन ठिकाणी तारीख जुळली तरच पुढे जायचं. एकाच व्यक्तीच्या नावाची चार स्पेलिंगं सापडणं नेहमीचं आहे. गावांचंही तसंच आहे. आज युक्रेनमध्ये असलेलं ल्विव्ह युद्धापूर्वी पोलंडमधलं ल्वुव्ह होतं आणि जर्मन कागदांत ते लेम्बर्ग म्हणून येतं. नोंदीत त्या काळचं नाव लिहून कंसात आजचं द्यावं, नाहीतर त्या गावच्या लोकांचा रास्त आक्षेप येतो.

मग फोटो. तो कुणाच्या संग्रहातला आहे आणि वापरायची परवानगी आहे का, हे विचारून घ्यावं लागतं. श्रेयाची ओळ फोटोखालच्या मजकुरात हवी, कारण फोटोवर छापलेली ओळ पुढे पाठवताना कापली जाते.

मजकूर साठ ते ऐंशी शब्दांत बसवा. पहिल्या ओळीत नाव, वर्ष आणि गाव आलंच पाहिजे, कारण ‘अधिक वाचा’च्या पलीकडे बहुतेक वाचक जात नाहीत. अनेक चित्रांची मालिका करत असाल तर प्रत्येक चित्रावर नाव, ठिकाण आणि साल द्या. लोक मधल्याच एका चित्राचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतात आणि संदर्भ तिथेच तुटतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चुकीच्या नोंदींपैकी कितीतरी अशा तुटलेल्या खऱ्या नोंदीच असतात.

दृष्टिहीन वाचकांसाठी चित्राचं वर्णन स्वतः लिहा. यंत्राने केलेलं वर्णन ‘पट्ट्यांचा शर्ट घातलेला माणूस’ एवढ्यावर थांबतं. शेवटी, मजकूर लिहिणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाने तो मूळ कागदाशी ताडून पाहावा, आणि नोंद गेल्यावर पहिले दोन-तीन तास कुणीतरी प्रतिक्रियांवर लक्ष ठेवून बसावं. तेवढं मनुष्यबळ नसेल तर त्या दिवशी नोंद टाकू नये. शुक्रवारी संध्याकाळी नोंद टाकून कार्यालय बंद केलं आणि सोमवारी खाली द्वेषाचा ढीग सापडला, असं घडतं. त्या ढिगाखाली त्या माणसाचं नाव असतं.

कोणते फोटो वापरतात आणि कोणते टाळतात?

प्रत्येक फोटोबद्दल पहिला प्रश्न हा की कॅमेऱ्यामागे कोण होतं. ‘ऑश्वित्झ अल्बम’ नावाने ओळखले जाणारे, १९४४ मधल्या हंगेरियन ज्यूंच्या आगमनाचे फोटो छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाच्या लोकांनी काढले आहेत. त्यांत बायका आणि मुलं शांतपणे रांगेत उभी दिसतात. नुसता फोटो टाकला तर पाहणाऱ्याला वाटतं की त्यांनी विरोध केला नाही. फोटो कुणी काढला, समोरच्यांना काय सांगितलं गेलं होतं आणि पुढच्या काही तासांत काय झालं, हे लिहिलं तरच तो फोटो शिकवतो.

याच्या उलट टोकाला ऑगस्ट १९४४ मध्ये झोंडरकोमांडोतल्या, म्हणजे प्रेतं जाळायला जुंपलेल्या कैद्यांनी जिवावर उदार होऊन काढलेले चार फोटो आहेत. ते तिरके आणि अस्पष्ट आहेत. त्यांना ‘सुधारून’, सरळ करून, कडा कापून वापरू नका. काळी चौकट आणि तिरकेपणा हाच लपून फोटो काढल्याचा पुरावा आहे.

छावणीत नोंदणी करताना काढलेले ३८,९१६ फोटो वाचले. ते विल्हेल्म ब्रासे आणि इतर कैदी-छायाचित्रकारांना काढावे लागले होते. जानेवारी १९४५ मध्ये सगळे जाळण्याचा हुकूम आला, तेव्हा ब्रासे आणि त्यांच्या सहकाऱ्याने भट्टीत ओला कागद कोंबून आग दडपली. या फोटोंत एका माणसाच्या तीन मुद्रा शेजारी-शेजारी असतात आणि खाली क्रमांक असतो. इन्स्टाग्रामची उभी चौकट त्यांतल्या दोन मुद्रा कापून टाकते. आडव्या फोटोला वर-खाली पट्टी सोडा, पण कापू नका.

प्रेतांच्या ढिगांचे फोटो बहुतेक संग्रहालयं समाजमाध्यमांवर टाकत नाहीत. ज्या माणसाचा मृतदेह उघडा पडला आहे त्याने परवानगी दिलेली नाही, आणि पाहणारा बारा वर्षांचा असू शकतो. दुसरं असं की हे फोटो सर्रास चुकीच्या नावाने फिरतात. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेर्गेन-बेल्सनला काढलेली दृश्यं ‘ऑश्वित्झ’ म्हणून दाखवली जातात. एकदा तशी चूक झाली की नकार देणाऱ्यांना बोट दाखवायला जागा मिळते.

जुने फोटो रंगवलेले असतात. ते चालतं का?

यावर जाणकारांत मतभेद आहेत. ब्राझीलच्या कलाकार मारिना अमाराल यांनी चेस्वावा क्वोका या मुलीचा नोंदणी-फोटो रंगवला आणि तो २०१८ साली जगभर पोहोचला. चेस्वावा पोलिश कॅथलिक होती. डिसेंबर १९४२ मध्ये तिला आईसोबत झामोश्च भागातून आणलं गेलं. १२ मार्च १९४३ रोजी तिला मारण्यात आलं, तेव्हा ती १४ वर्षांची होती. फोटोत तिच्या ओठावर जखम दिसते. फोटो काढण्याआधी पहारेकरी बाईने तिला मारल्याचं ब्रासे यांनी पुढे सांगितलं.

रंगामुळे तरुण पाहणारा थांबतो, हे खरं आहे. पण कापडाचा आणि कातडीचा रंग हा अभ्यासपूर्ण असला तरी अंदाजच असतो. आमचं मत असं की रंगवलेला फोटो दाखवायचा तर मूळ कृष्णधवल शेजारी ठेवा आणि रंग कुणी, कधी दिले ते लिहा. मोबाइलवरच्या एका बटणाने रंगवलेला फोटो तर कधीच वापरू नका. त्यात यंत्र डोळे आणि ओठही बदलतं.

टिकटॉकवर छळछावणीचं स्मारक? तिथे काय दाखवतात?

हॅम्बुर्गजवळच्या नॉयेनगामे स्मारकाने नोव्हेंबर २०२१ मध्ये टिकटॉकवर खातं उघडलं. असं करणारं ते पहिलं छळछावणी-स्मारक. तिथे काम करणारे तरुण स्वयंसेवक आवारातल्या एखाद्या जागी उभे राहतात आणि एकाच गोष्टीबद्दल मिनिटभर बोलतात. ही भिंत कशाची, इथे कोण राबलं, हा पाया कुणाच्या बराकीचा. प्रेक्षकाने विचारलेला प्रश्न पडद्यावर ठेवून त्याला व्हिडिओनेच उत्तर देणं ही त्यांची सर्वांत उपयोगी रीत. प्रश्न साधे असतात: ‘कैदी पळून का गेले नाहीत?’, ‘गावातल्या लोकांना माहीत नव्हतं का?’ अभ्यासक्रमात हे प्रश्न क्वचितच येतात, पण मुलांच्या मनात असतात.

पार्श्वसंगीताच्या बाबतीत फार चुका होतात. दुःखी पियानो लावला की काय वाटायला हवं हे संगीतच सांगून टाकतं आणि ऐकणारा विचार करणं थांबवतो. वारा, पावलं आणि बोलणाऱ्याचा आवाज पुरतो. बोलण्याची पडद्यावर आपोआप येणारी अक्षरं (कॅप्शन्स) नेहमी तपासा. गावांची आणि माणसांची नावं त्यात हमखास बिघडतात, आणि मराठी बोलण्याची अक्षरं तर हातानेच घातलेली बरी.

भारतात टिकटॉकवर जून २०२० पासून बंदी आहे. इथल्या मुलांना हेच स्वरूप रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्समध्ये दिसतं.

‘त्या मुलीकडे इन्स्टाग्राम असतं तर’ असे प्रयोग योग्य आहेत का?

मे २०१९ मध्ये एव्हा हेयमान या १३ वर्षांच्या हंगेरियन ज्यू मुलीच्या रोजनिशीवर आधारित इन्स्टाग्राम स्टोरींची मालिका आली. ती संग्रहालयाची नव्हती, इस्रायलमधल्या एका उद्योजक पिता-कन्येने केली होती. अभिनेत्री हातात मोबाइल धरून १९४४ चं जग ‘थेट’ दाखवते. कोट्यवधींनी ती पाहिली आणि टीकाही खूप झाली. लपून राहताना रोजनिशी लिहिणाऱ्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या नावाने असलेल्या ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउस या संग्रहालयाने मार्च २०२० पासून यूट्यूबवर १५ भागांची व्हिडिओ-रोजनिशी दिली, तीत वहीच्या जागी कॅमेरा आहे.

दोन्हींमागे खरं लेखन आहे, ही जमेची बाजू. धोका असा की पाहणाऱ्याला आपण साक्षीदार झालो असं वाटतं, आणि अभिनेत्रीचा चेहराच मनात राहतो. दाखवायचं असेल तर आधी त्या मुलीचा खरा फोटो आणि रोजनिशीतलं मूळ पान दाखवा, मग भाग, आणि शेवटी ‘यातलं काय कागदावर आहे आणि काय कल्पिलेलं आहे’ याची चर्चा.

मुलांनी स्वतः बळी किंवा पहारेकरी होऊन अभिनय करणं मात्र टाळाच. ऑगस्ट २०२० मध्ये टिकटॉकवर किशोरवयीन मुलांनी चेहऱ्यावर जखमा रंगवून होलोकॉस्टमधल्या मृतांची भूमिका करायला सुरुवात केली होती. ऑश्वित्झ संग्रहालयाने हे दुखावणारं असल्याचं स्पष्ट सांगितलं, पण त्या मुलांना जाहीरपणे झोडपू नये, त्यांना शिकवावं, हेही तितक्याच ठामपणे सांगितलं. ती भूमिका आम्हाला आदर्श वाटते.

प्रतिक्रियांमध्ये नकार देणारे येतात. उत्तर द्यायचं की काढून टाकायचं?

कोण विचारतंय ते आधी ओळखा. ‘६० लाख हा आकडा कसा काढला?’ हा प्रश्न प्रामाणिक असू शकतो. त्याला उत्तर द्याच: जनगणना, गाड्यांच्या याद्या, नाझींचेच अहवाल, युद्धानंतरची मोजणी आणि एकेक नाव गोळा करण्याचं काम. विचारणारा एक असतो, वाचणारे हजार असतात. उत्तर त्या हजारांसाठी लिहायचं.

पण तोच माणूस उत्तर मिळाल्यावर पुढचा, मग त्याच्या पुढचा दावा टाकत राहिला, तर तो संवाद नसतो. तिथे वाद घालत बसलं की माध्यमाचं गणित त्या धाग्याला ‘चर्चा रंगली’ असं समजून वर ढकलतं. असा मजकूर काढा, स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, खातं रोखा आणि माध्यमाकडे तक्रार नोंदवा.

सरळ नकारापेक्षा विपर्यास ओळखणं अवघड असतं. ‘झालं, पण इतकं नाही’, ‘ज्यूंनीच ओढवून घेतलं’, ‘हे तर युद्धात होतंच’. युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ मधल्या अभ्यासात टेलिग्रामवरच्या होलोकॉस्टविषयक सार्वजनिक मजकुरापैकी ४९ टक्के मजकुरात नकार किंवा विपर्यास आढळला. ट्विटरवर हे प्रमाण १९, टिकटॉकवर १७, फेसबुकवर ८ आणि इन्स्टाग्रामवर ३ टक्के होतं. जिथे देखरेख आहे तिथे प्रमाण कमी दिसतं. फेसबुकने होलोकॉस्ट नाकारणाऱ्या मजकुरावर बंदी घातली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे संग्रहालयं तिथे आल्यावर अकरा वर्षांनी.

आजच्या युद्धांबद्दलच्या, विशेषतः गाझाबद्दलच्या प्रतिक्रिया हा तिसरा प्रकार. सभ्य भाषेतलं दुःख किंवा राग पुसून टाकू नका. एका मारल्या गेलेल्या मुलाच्या नोंदीखाली त्या मुलाबद्दलच बोलावं, एवढा नियम आधीपासून पानावर लिहून ठेवा आणि सगळ्यांना सारखा लावा.

माध्यमाच्या यंत्रणाच आमची शैक्षणिक नोंद काढून टाकतात. काय करावं?

हे होतं. नाझी चिन्ह किंवा उघडं शरीर दिसलं की यंत्र शिकवणं आणि प्रचार यांत फरक करत नाही. पहिल्या चित्रात चिन्ह येऊ देऊ नका, शैक्षणिक हेतू पहिल्याच वाक्यात लिहा आणि नोंद काढली गेली तर फेरतपासणी मागा. यंत्राला चुकवायला ‘ना*झी’ किंवा ‘मृ@त्यू’ असं लिहू नका. शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ती नोंद मग कधीच सापडत नाही. प्रत्येक नोंदीची प्रत स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले बळींचे फोटो कसे ओळखायचे?

२०२५ मध्ये ऑश्वित्झ संग्रहालयाने जाहीर इशारा दिला की फेसबुकवरची काही पानं त्यांच्या नोंदींची नक्कल करून खऱ्या फोटोच्या जागी यंत्राने बनवलेले चेहरे टाकत आहेत. पुढे तर माणसंही काल्पनिक आणि त्यांच्या कहाण्याही काल्पनिक. उद्देश फक्त पैसे मिळवून देणारी गर्दी जमवणं. अस्तित्वातच नसलेल्या मुलीसाठी हजारो लोक हळहळतात, आणि ते उघड झालं की पुढच्या खऱ्या मुलीवरही विश्वास बसत नाही. यातली हानी मोजता येण्यासारखी नाही.

तपासायची रीत अशी. नाव याद वाशेमच्या कोशात शोधा. सापडलं नाही म्हणजे खोटंच असं नाही, पण सावध व्हा. चित्र उलट शोधात, म्हणजे चित्रावरून त्याचं मूळ शोधणाऱ्या सोयीत, टाका. खरा फोटो एखाद्या संग्रहाच्या पानावर नेतो, बनावट चित्र फक्त तशाच दुसऱ्या पानांवर. मजकुरात तारीख, गाव आणि संग्रहाचं नाव आहे का ते पाहा. व्हायोलिन, बाहुली, शेवटचं पत्र असा रडवणारा तपशील भरपूर आणि तारीख एकही नाही, हे मोठं लक्षण. गणवेशावरचे आकडे नीट पाहा, यंत्र ते अर्धवट किंवा विद्रूप काढतं.

सगळंच नवं तंत्र वाईट नाही. साक्षी चित्रित करून जपणाऱ्या अमेरिकेतल्या यूएससी शोआ फाउंडेशनच्या संवादी साक्षींमध्ये होलोकॉस्टमधून जिवंत वाचलेला माणूस पडद्यावरून तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो. पण ते उत्तर त्याने स्वतःच आधी चित्रित करून दिलेलं असतं. यंत्र फक्त प्रश्न ऐकून योग्य चित्रफीत निवडतं, एकही शब्द तयार करत नाही.

सहलीला गेल्यावर तिथे सेल्फी काढावी का?

ऑश्वित्झमध्ये वैयक्तिक वापरासाठी फोटो काढता येतात, फ्लॅश आणि स्टँडशिवाय. बळींचे केस ठेवलेलं दालन आणि ११ क्रमांकाच्या इमारतीचं तळघर इथे मनाई आहे. ॲन फ्रँक हाउसमध्ये आत फोटो काढूच देत नाहीत. मार्च २०१९ मध्ये बिर्केनाऊच्या रुळांवर तोल सावरत चालतानाचे फोटो वाढले, तेव्हा संग्रहालयाने लोकांना आठवण करून दिली की ही जागा लाखो माणसांना मृत्यूकडे नेल्याचं प्रतीक आहे.

मुलांना ‘फोटो काढू नका’ एवढंच सांगू नका. जागेचा फोटो काढा आणि खाली तिथे काय घडलं ते दोन ओळींत लिहा, असं काम दिलं की सेल्फीचा हात आपोआप खाली येतो.

मराठीत नोंद लिहिताना कोणते शब्द चुकतात?

बरेच, आणि चूक बहुधा चांगल्या भावनेतूनच होते.

‘बलिदान’, ‘आहुती’, ‘हुतात्मा’, ‘वीरमरण’ हे शब्द आपल्या ओठांवर सहज येतात. पण बलिदान देणारा स्वतः निवड करतो. या माणसांना निवड नव्हती. त्यांना ‘मारलं गेलं’, त्यांची ‘हत्या झाली’. ‘मृत्यू झाला’, ‘निधन झालं’ यानेही मारणारा वाक्यातून निसटतो. ‘होलोकॉस्ट’ हा शब्द मुळात ग्रीक, अर्थ पूर्ण जाळलेला बळी. हा धार्मिक अर्थ नको म्हणून अनेक ज्यू ‘शोआ’ हा हिब्रू शब्द पसंत करतात, त्याचा अर्थ महाविनाश.

‘छळछावणी’ आणि ‘संहारछावणी’ यांत फरक करा. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक, खेल्म्नो इथे माणसांना आणलं जात होतं ते जवळजवळ फक्त मारण्यासाठी. ऑश्वित्झ दोन्ही होतं. नॉयेनगामे छळछावणी होती. ‘पोलिश छावण्या’ असं कधीच लिहू नका. त्या जर्मनीने व्यापलेल्या पोलंडमध्ये उभ्या केलेल्या नाझी जर्मन छावण्या होत्या.

‘स्वस्तिक’ हा आपल्याकडे उंबरठ्यावरचा, वहीच्या पहिल्या पानावरचा मंगल शब्द. नाझींच्या खुणेला जर्मनमध्ये ‘हाकेनक्रॉइझ’ म्हणतात, म्हणजे वाकड्या टोकांचा क्रूस. मराठीत तो शब्द किंवा ‘नाझी चिन्ह’ वापरावं, म्हणजे गोंधळही टळतो आणि दुखावणंही. ‘आर्य’ शब्द आला की तो नाझींचा वांशिक दावा होता हे त्याच वाक्यात लिहा.

आणि ‘हिटलर’ हा आपल्या बोलण्यात कडक शिस्तीचा समानार्थी शब्द झाला आहे. २००६ साली नवी मुंबईत एका नव्या उपाहारगृहाला त्याचं नाव दिलं गेलं, आणि भारतीय ज्यूंच्या विरोधानंतर ते बदललं. कोकणात आणि मुंबईत शतकानुशतकं मराठी बोलत आलेला बेने इस्रायल हा ज्यू समाज आपलाच आहे. त्यांच्या घरातलं कुणी ही पोस्ट वाचेल, हे डोळ्यांपुढे ठेवून लिहा.

कोल्हापूरने होलोकॉस्टमधल्या ज्यू मुलांना आसरा दिला, ही पोस्ट खरी आहे का?

अर्धीच. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले आणि कोल्हापूरकरांनी त्यांना माया दिली. पण ते बहुतांश कॅथलिक पोलिश होते. त्यांना सोव्हिएत सत्तेने सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलं होतं, तिथून ते इराणमार्गे आले. अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे. तिला दुसऱ्याच इतिहासाचं नाव देऊन पुढे पाठवू नका.

वर्गात मोबाइल नाहीत. पस्तीस मिनिटांच्या तासात हे कसं वापरायचं?

मोबाइल नसलेलेच बरे. एकच नोंद निवडा आणि तिची मोठी छापील प्रत फळ्यावर लावा. पहिली पाच मिनिटं मजकूर झाकून फक्त फोटो: काय दिसतं, फोटो कुठे काढला असेल? मग मजकूर उघडा. दहा मिनिटं गटात: कोणता तपशील कागदावरून आला असेल, काय माहीत नाही, फोटो कुणी जपला असेल? पुढची दहा मिनिटं नकाशावर जन्मगावापासून छावणीपर्यंत रेघ काढा आणि तारखांमधलं अंतर मोजा. उरलेल्या वेळात प्रश्न. शेवटी कुणाला प्रतिक्रिया लिहायची असेल तर ती वहीत लिहू द्या.

वेळ हमखास जातो तो हिटलरच्या चरित्रात. त्याला त्या तासात पाच वाक्यांपेक्षा जास्त जागा देऊ नका.

किती वयाच्या मुलांना दाखवावं?

संग्रहालयांच्या स्वतःच्या सूचना उपयोगी पडतात. याद वाशेमच्या इतिहास संग्रहालयात १० वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय मुख्य प्रदर्शनासाठी ११ आणि त्यापुढचं वय सुचवतं, ऑश्वित्झ १४ वर्षांखालच्यांना भेटीची शिफारस करत नाही. समाजमाध्यमांवर खातं उघडण्याचं वयही साधारण १३ आहे. म्हणून आठवीपासून सुरुवात योग्य.

२७ जानेवारीलाच सगळं करावं का?

१९४५ मध्ये त्या दिवशी सोव्हिएत सैन्य ऑश्वित्झला पोहोचलं. तिथे सुमारे सात हजार कैदी जिवंत सापडले. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये हा स्मरणदिन ठरवला. याद वाशेमच्या ‘आय रिमेंबर वॉल’ या ऑनलाइन भिंतीवर त्या दिवसांत तुमचं नाव एका मारल्या गेलेल्या व्यक्तीच्या नावाशी जोडलं जातं आणि तिची नोंद वाचायला मिळते, हा वर्गासाठी चांगला उपक्रम आहे. पण त्या दिवशी माध्यमांवर इतकी गर्दी असते की लहान पानाची नोंद कुणाला दिसतच नाही. २ ऑगस्ट घ्या. १९४४ मध्ये त्या रात्री बिर्केनाऊमधल्या चार हजारांहून अधिक रोमा (युरोपातला एक अल्पसंख्याक समाज) स्त्री-पुरुष-मुलांना मारलं गेलं. रोमांबद्दल मराठीत फारच कमी लिहिलं गेलं आहे.

यश कशावर मोजायचं?

लाइकवर नाही. किती जणांनी नोंद जतन केली, किती जण दुव्यावरून मूळ पानापर्यंत गेले, व्हिडिओ शेवटपर्यंत किती जणांनी पाहिला, आणि खरे प्रश्न किती आले. शिवाय कुटुंबीयांचे निरोप. ‘ही माझी मावशी, तारीख चुकली आहे’ असं एक पत्र आलं तर ती नोंद सार्थकी लागली. दुरुस्ती त्याच दिवशी करा आणि दुरुस्ती केली हे लिहा.

विद्यार्थ्यांना पाहण्यापलीकडे काही करता येईल का?

येईल, आणि घरबसल्या. जर्मनीतल्या आरोल्सेन अर्काइव्ह्जचा ‘एव्हरी नेम काउंट्स’ हा उपक्रम २०२० पासून चालू आहे. पडद्यावर छावणीचं एक मूळ कार्ड येतं. त्यावरचं नाव, जन्मतारीख, गाव, कैदी क्रमांक वाचून रकान्यांत भरायचं. तेच कार्ड अनेकांकडे जातं आणि उत्तरं जुळवली जातात, त्यामुळे एकाच्या चुकीने नोंद बिघडत नाही. काम इंग्रजीतून करता येतं, जर्मन यायला हवं असं नाही. ‘गेब.’ हे संक्षिप्त रूप जन्मतारखेच्या आधी येतं. तारीख आपल्यासारखीच दिवस, महिना, वर्ष या क्रमाने असते. जर्मन हस्ताक्षरातला १ वर लांब रेघ असल्याने आपल्याला ७ वाटतो. खऱ्या ७ च्या पोटातून बहुधा आडवी रेघ जाते, ती शोधा. वाचता आलं नाही तर अंदाजाने भरू नका, रकाना रिकामा सोडा. एका तासिकेत एका मुलाची पाच-सहा कार्डं नीट झाली तरी पुष्कळ. प्रत्येक कार्ड संपल्यावर ते नाव वर्गात एकदा मोठ्याने वाचायला सांगा.